लुई पंधराव्याच्या काळातले कपाट खरे की नंतरचे : शिक्क्याच्या आधी काय तपासावे

आपण फ्रान्समध्ये ल्यों येथे राहता आणि जवळच्या एका लिलावगृहात आलेले, जडावाच्या लाकूडकामाचे, कांस्याच्या सोनेरी मुठी आणि वर संगमरवराची फळी असलेले खणांचे बुटके कपाट विकत घेण्याचा विचार करत आहात. फ्रेंच लोक त्याला ‘कमोड’ म्हणतात. मराठीत त्या शब्दाचा अर्थ भलताच होत असल्याने पुढे मी ‘कपाट’ असेच म्हणेन. आपले प्रश्न तीन आहेत. सूचीपत्रात ‘लुई पंधरावा’ असे लिहिले आहे आणि कारागिराचा शिक्काही आहे असे सांगितले जाते, तेव्हा ते अठराव्या शतकातले मानावे का. खात्री कशी करावी. आणि घेतल्यावर ते घासूनपुसून, पॉलिश करून नव्यासारखे करावे का. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर मोठे आहे, कारण असे कपाट कसे तयार होत असे हे समजल्याशिवाय त्याची तपासणी करता येत नाही.

सुरुवात सूचीपत्रातल्या एका शब्दापासून करा. लुई पंधरावा १७१५ ते १७७४ या काळात गादीवर होता, परंतु त्याच्या नावाने ओळखली जाणारी घाटदार, वळणदार शैली एकोणिसाव्या शतकात पुन्हा लोकप्रिय झाली आणि त्या शैलीतले सामान आजही बनते. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ च्या शासकीय आदेशाने या वर्णनांचे कायदेशीर अर्थ ठरवून दिले आहेत. विक्रेत्याने ‘एपोक’ म्हणजे ‘त्या काळातील’ असे लिहिले, तर वस्तू त्या काळात बनल्याची हमी त्याने दिली असे होते. ‘स्तील’ म्हणजे ‘त्या शैलीतील’ असे लिहिले, तर काळाबद्दल कोणतीही हमी नाही. आपल्या सूचीपत्रात नुसतेच ‘लुई पंधरावा’ आहे आणि मागेपुढे यांपैकी एकही शब्द नाही, म्हणून पहिले काम म्हणजे लिलावगृहाला लेखी विचारणे की हे वर्णन काळाचे आहे की शैलीचे. हा प्रश्न विचारताच पुष्कळदा निम्मी शंका मिटते.

आता शिक्क्याकडे वळू. पॅरिसमध्ये लाकूडकाम करणाऱ्यांचा एकच संघ होता, पण त्यात दोन वेगळे व्यवसाय होते. भरीव लाकडातून खुर्च्या, पलंग, दारे घडवणारे ते ‘मेन्युइझिए’, आणि साध्या लाकडाच्या सांगाड्यावर मौल्यवान लाकडाचे पातळ पत्रे चिकटवून कपाटे, लिहिण्याची मेजे तयार करणारे ते ‘एबेनिस्त’. या संघाच्या १७४३ मध्ये तयार झालेल्या आणि १७५१ मध्ये पॅरिसच्या ‘पार्लमाँ’ या उच्च न्यायालयात नोंदल्या गेलेल्या नियमांनी प्रत्येक उस्तादाला आपल्या नावाचा किंवा आद्याक्षरांचा लोखंडी ठसा बाळगणे आणि तो आपल्या कामावर उमटवणे सक्तीचे केले. संघाचे पंच वर्षातून चार वेळा कारखान्यांची पाहणी करत आणि काम पसंत पडले की ‘जे.एम.ई.’ या जोडअक्षरांचा संघाचा ठसा मारत. ही पद्धत १७९१ मध्ये कारागीर संघच बरखास्त होईपर्यंत चालली.

एवढे वाचून शिक्का म्हणजे सोनाराच्या हॉलमार्कसारखी पक्की खूण वाटते, पण तसे नाही. राजाच्या नोकरीतले कारागीर या सक्तीतून मुक्त होते. पॅरिसच्या फोबूर सेंत-आंत्वान या वस्तीत सतराव्या शतकापासून संघाबाहेर राहून काम करण्याची मुभा होती, आणि जर्मन प्रदेशांतून आलेले कितीतरी उत्तम कारागीर आधी तिथेच काम करत. शार्ल क्रेसां या नामवंत एबेनिस्ताचे सर्वोत्तम काम सक्तीच्या आधीचे आहे. त्यांच्याही आधीचे प्रसिद्ध एबेनिस्त आंद्रे-शार्ल बूल तर १७३२ मध्येच वारले. म्हणून शिक्का नसणे हा दोष नव्हे. उलट बाजूने, शिक्का असणे म्हणजे त्याच माणसाने वस्तू घडवली असेही नाही. जुन्या कपाटाची दुरुस्ती करणारा उस्तादही आपला ठसा उमटवत असे. काही उस्ताद पुढे व्यापारी बनले आणि इतरांकडून करून घेतलेल्या मालावर आपला ठसा मारू लागले. पिएर मिजों आणि लेओनार बूदँ ही त्यांतली परिचित नावे. खऱ्या पण साध्या कपाटावर मोठ्या नावाचा खोटा ठसा मारण्याचा उद्योग तर एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. त्यामुळे शिक्का मी सर्वांत शेवटी पाहतो, आणि बाकी सगळे जुळले तरच त्याला किंमत देतो.

मुळात असे कपाट ही एका माणसाची कृती नसतेच, आणि ही गोष्ट तपासणीत फार उपयोगी पडते. एबेनिस्ताला कांस्य ओतण्याचा आणि त्यावर सोने चढवण्याचा अधिकार नव्हता; ती कामे ओतारी आणि मुलामा देणाऱ्यांच्या वेगळ्या संघांची होती. क्रेसां यांनी आपल्याच कारखान्यात कांस्यकाम करून घेतले म्हणून त्यांच्यावर खटले झाले. संगमरवर आणखी तिसरीकडून येई. या सर्वांना एकत्र आणणारा होता ‘मार्शां-मर्सिए’, म्हणजे स्वतः काहीही न घडवणारा पण कल्पना, भांडवल आणि श्रीमंत गिऱ्हाइके असलेला व्यापारी. तोमा-जोआशँ एबेर या व्यापाऱ्याने जपानी लॅकरच्या, म्हणजे चकचकीत रोगणाचे थर चढवलेल्या पेट्यांचे पृष्ठभाग कापून, पातळ करून ते वळणदार कपाटावर बसवून घेतले आणि १७३७ मध्ये ते फाँतेनब्लो येथे राणी मारी लेश्चिन्स्का हिच्यासाठी दिले. ते कपाट आज लूव्रमध्ये आहे. ज्याने ते घडवले त्याचा ठसा ‘बी.व्ही.आर.बी.’ एवढाच असे, आणि ही आद्याक्षरे बर्नार व्हान रिसेनबर्ग या कारागिराची आहेत हे १९५७ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. त्या काळात घराघरांत नाव पोहोचे ते व्यापाऱ्याचे. पुढे पोआरिए आणि डागेर या व्यापाऱ्यांनी मार्तँ कार्लँ या एबेनिस्ताकडून सेव्ह्र येथील कारखान्याच्या चिनीमातीच्या चित्रित फरश्या बसवलेली नाजूक मेजे करून घेतली, तीही याच पद्धतीने.

म्हणून तपासताना प्रश्न असा विचारायचा की लाकूड, सरस, कांस्य, खिळे, संगमरवर आणि झीज हे सारे वेगवेगळ्या हातांतून येऊनही एकाच काळाची साक्ष देतात का. एक घटक जरी विसंगत निघाला, तरी त्याचे कारण सापडले पाहिजे.

दर्शनी भाग आधी पाहू नका. सर्वांत वरचा खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा आणि उजेडात न्या. पॅरिसच्या चांगल्या कपाटाचा सांगाडा बहुधा ओकचा असतो. प्रांतांत आणि साध्या कामात पाइन किंवा इतर स्वस्त लाकूडही आढळते. खणाच्या कोपऱ्यांतले डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे सांधे हाताने कापलेले असले, तर त्यांची रुंदी आणि कोन थोडे कमीजास्त असतात आणि कारागिराने आखलेली रेघ कधीकधी अजून दिसते. खणाच्या तळावर आणि कपाटाच्या पाठीवर तळहात तिरपा फिरवला, तर हातरंध्याने सोडलेल्या उथळ लाटा जाणवतात. हातकरवतीच्या खुणा सरळ पण एकमेकींपासून असमान अंतरावर असतात. कमानीसारख्या, एकसारख्या वक्र खुणा दिसल्या तर ते गोल करवतीचे काम आहे, म्हणजे तो भाग एकोणिसाव्या शतकातला किंवा त्यानंतरचा. न दिसणारी बाजू अठराव्या शतकातला कारागीर ओबडधोबड सोडून देई, कारण ती भिंतीकडे जायची आणि तिच्यावर वेळ घालवण्याचे पैसे कोणी देत नव्हते. मागची बाजू अतिशय नेटकी, गुळगुळीत आणि एकसारखी रंगवलेली दिसली की माझा संशय वाढतो.

खण ज्या पट्ट्यांवर सरकतात त्या पट्ट्या आणि खणाच्या खालच्या कडा एकत्र पाहा. दोनशे-अडीचशे वर्षे खण ओढला-ढकलला गेला असेल, तर दोन्हींची झीज एकमेकींशी जुळली पाहिजे. खणाची कड झिजलेली आणि पट्टी कोरी करकरीत असेल, तर पट्टी बदललेली आहे, आणि ही दुरुस्ती अगदी रास्त म्हणावी अशी आहे. मात्र जिथे हात किंवा लाकूड कधी घासलेच नसते अशा जागी झीज दिसली, तर ती कोणीतरी मुद्दाम केलेली असते. किड्यांच्या भोकांचेही तसेच. किडा लाकडात गोल भोक पाडून बाहेर येतो. पृष्ठभागावर लांबच लांब उघडा पडलेला नागमोडी बोगदा दिसला, तर आधी किडलेले जुने लाकूड नंतर कापून वापरले आहे असा त्याचा अर्थ. जुन्या फळ्यांपासून नवे ‘जुने’ सामान बनवणाऱ्याला ही खूण लपवणे जड जाते.

वरचे मौल्यवान लाकूड म्हणजे व्हिनिअर. गुलाबी छटेचे ब्वा द रोझ, जांभळट रेषांचे ब्वा द व्हायोलेत, गडद अमरांत ही लाकडे समुद्रापलीकडून, मुख्यतः दक्षिण अमेरिकेतून येत; महोगनीचा प्रसार पुढे, लुई सोळाव्याच्या काळात झाला. हे पत्रे दोघे माणसे मोठ्या करवतीने कापत, त्यामुळे त्यांची जाडी साधारण दीड-दोन मिलिमीटर किंवा अधिक असे. यंत्राने काढलेले नंतरचे व्हिनिअर बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. खणाच्या वरच्या कडेला किंवा टवका उडालेल्या जागी ही जाडी मोजता येते. पण घाईने निष्कर्ष काढू नका, कारण वारंवार घासल्यामुळे अस्सल व्हिनिअरही काही ठिकाणी कागदाइतके पातळ झालेले असते.

रंगाबद्दल मला थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण या सामानाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. आज आपल्याला मधाच्या आणि तपकिरी छटांचे जे सौम्य सौंदर्य दिसते, ते कारागिराच्या मनात नव्हते. एबेनिस्त जाँ-फ्रांस्वा अबेन आणि त्यांचे शिष्य जाँ-आंरी रिझनेर यांच्या जडावकामातली फुले रंगवलेल्या लाकडाची होती. पाने हिरवी, पाकळ्या निळ्या, लाल, पिवळ्या. प्रकाशाने ते रंग विटले. कांस्याची एखादी पट्टी काढली, तर तिच्याखाली झाकलेल्या लाकडाचा मूळ रंग कधीकधी अजून दिसतो, आणि तो पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतो. अबेन यांनी १७६० मध्ये सुरू केलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर रिझनेर यांनी १७६९ मध्ये पूर्ण केलेले लुई पंधराव्याचे मोठे लिहिण्याचे मेज व्हर्सायमध्ये आहे; त्यासमोर उभे राहाल तेव्हा त्याच्या मूळ रंगांची कल्पना करून पाहा. आपल्या तपासणीपुरता मुद्दा असा की उघड्या आणि झाकलेल्या जागांतला हा फरक नैसर्गिक असतो, आणि सर्वत्र एकच सपाट ‘जुनाट’ छटा असेल तर ती डाग देऊन आणलेली असू शकते.

कांस्याच्या मुठी, कोपऱ्यांवरच्या वेली आणि पायांवरची टोपणे पुढून सगळीच सोनेरी दिसतात. खरी साक्ष मागच्या बाजूला असते. अठराव्या शतकात सोने पाऱ्यात मिसळून त्याचा लेप कांस्यावर देत, मग तो तापवून पारा उडवून लावत. या धुराने मुलामा देणाऱ्या कारागिरांचे हात थरथरू लागत, आयुष्य कमी होई, आणि त्या झगमगाटाची ही किंमत मला विसरता येत नाही. मग काही भाग घोटून चकचकीत करत, काही मंद ठेवत; हा दुहेरी पोत चांगल्या कामाची ओळख आहे. मागे सोने नसे, असलेच तर चुकून ओघळलेले. विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची पद्धत १८४० नंतर पसरली. तिच्यात वस्तू द्रवात बुडवतात, म्हणून सोने मागेही सारखे बसते. जुन्या नगावरून साचा काढून ओतलेला नवा नग थंड होताना आकसतो, म्हणून तो किंचित लहान आणि नक्षीत बोथट असतो. मूठ काढल्यावर लाकडात जास्तीची, बुजवलेली भोके दिसली तर त्या जागी पूर्वी दुसरी मूठ होती. कांस्यावर मुकुटाखाली ‘सी’ अक्षराची बारीक खूण आढळली, तर ती १७४५ ते १७४९ या काळात तांब्याच्या मिश्रधातूंवर घेतलेल्या कराची आहे. ती त्या वर्षांत पुन्हा विकल्या गेलेल्या जुन्या कांस्यावरही मारली जाई, आणि तिच्याही नकला झाल्या आहेत.

स्क्रूबद्दल थोडक्यात : हाताने केलेल्या स्क्रूचे टोक बोथट आणि डोक्यावरची खाच क्वचितच मधोमध असते; एकसारखे टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे. एखादाच नवा स्क्रू असेल तर काळजी नको.

संगमरवराची फळी दोन माणसांच्या मदतीने उचलायला सांगा. तिची खालची बाजू खडबडीत, हाताने तासलेली असावी आणि कडेची वळणे कपाटाच्या दर्शनी वळणांशी जुळावीत. फळी फुटून बदललेली असणे फार सामान्य आहे, त्याने कपाट खोटे ठरत नाही, पण किंमत कमी झाली पाहिजे. शिक्का बहुधा याच फळीखाली, सांगाड्याच्या उभ्या खांबांच्या माथ्यावर असतो. भिंगातून पाहा : जुन्या ठशात दबलेले तंतू आजूबाजूच्या लाकडाइतकेच काळवंडलेले असतात आणि खाचेत जुना मळ बसलेला असतो.

आपण ल्योंला आहात म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. फक्त पॅरिसच्या नावांमागे धावू नका. ल्योंचे पिएर नोगारे आपल्या खुर्च्यांवर नावासोबत शहराचेही नाव उमटवत, आणि ग्रनोब्लच्या आश घराण्याने अक्रोडासारख्या स्थानिक लाकडांतून, त्यांच्या गाठींच्या नैसर्गिक नक्षीचा उपयोग करून, स्वतःची वेगळी शैली घडवली. त्यांच्या कपाटांत कारखान्याची छापील चिठ्ठी चिकटवलेली सापडते. हे काम पॅरिसच्या मध्यम दर्जाच्या कामापेक्षा मला कितीतरी अधिक जिवंत वाटते, आणि संशयास्पद मोठ्या शिक्क्यापेक्षा असे प्रामाणिक प्रांतिक कपाट घ्यावे असाच माझा सल्ला राहील.

राजघराण्याशी संबंध सांगितला जात असेल तर विशेष जपून राहा. क्रांतीनंतर व्हर्साय राजवाड्यातले सामान ऑगस्ट १७९३ पासून वर्षभर चाललेल्या लिलावात १७,००० हून अधिक गटांत विकले गेले, त्यामुळे खरा राजेशाही नग कुठेही निघू शकतो हे खरे आहे. परंतु राजकोठाराच्या नोंदवह्यांत क्रमांक, मापे आणि वर्णन लिहिलेले असे आणि तोच क्रमांक कपाटाच्या मागे रंगवत. झिल झूबेर यांनी १७६९ मध्ये राजकन्या लुईझ हिच्यासाठी दिलेले, आज अमेरिकेतील गेटी संग्रहालयात असलेले कपाट अशा क्रमांकावरूनच ओळखता आले. लुई पंधराव्याच्या शयनगृहासाठी १७३९ मध्ये एबेनिस्त गोद्रो यांनी केलेल्या आणि जाक काफिएरी यांच्या कांस्याने नटलेल्या कपाटाचीही, जे लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे, कुळी अशा नोंदींनीच पक्की होते. मात्र कागद आणि शिक्का दोन्ही जुळवून आणणारेही असतात. व्हर्सायने आणि इतर खरेदीदारांनी घेतलेल्या काही ‘राजेशाही’ खुर्च्या बनावट असल्याचे प्रकरण २०१६ मध्ये उघडकीस आले, आणि २०२५ मध्ये पॅरिसजवळच्या पाँत्वाझच्या न्यायालयाने या काळातल्या खुर्च्यांचा नामवंत जाणकार आणि एक अतिशय कुशल लाकूडकोरक अशा दोघांना दोषी ठरवले. जिथे संग्रहालयही फसते तिथे एकट्या ग्राहकाने केवळ कुळीकथेवर पैसे मोजू नयेत.

आपले कपाट एकोणिसाव्या शतकातले निघाले, तर तेही कमी लेखू नका. आंरी दासाँ, आल्फ्रेद बर्दले, फ्रांस्वा लिंक यांनी अठराव्या शतकातल्या नमुन्यांवरून केलेले काम उघडपणे स्वतःच्या नावाने विकले आणि त्याचा दर्जा अत्यंत उच्च आहे. ते त्याच्या खऱ्या काळाचे म्हणून आणि त्या किमतीला घ्यावे, एवढेच.

घेतल्यानंतर करायचे ते थोडेच आहे. न करायचे अधिक. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सुताराला ठाऊक असलेले, चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या गोळ्याने चढवायचे फ्रेंच पॉलिश अठराव्या शतकातल्या या सामानावर मुळात नव्हते. ती पद्धत एकोणिसाव्या शतकात रुळली. तेव्हा मेण किंवा सँडरॅकसारख्या राळेचे रोगण असे. जुना थर खरवडून आरशासारखी चकाकी आणली, की व्हिनिअर पातळ होते आणि अभ्यासकाला लागणारा पुरावाही जातो. कांस्याला चिंच, लिंबू किंवा पितळ घासायची पावडर कदापि लावू नका. सोन्याचा थर इतका पातळ असतो की तो काही वेळच्या घासण्यातच निघून जातो आणि परत आणता येत नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढणे पुरेसे आहे. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा. फ्रान्सच्या हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी होते, ओकचा सांगाडा आकसतो आणि त्यावर चिकटलेले व्हिनिअर फाटते किंवा उचलले जाते, म्हणून कपाट हीटरपासून दूर ठेवा. पुढेमागे ते मुंबईला किंवा कोकणात नेण्याचा विचार असेल, तर पावसाळ्यातल्या दमटपणाने प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस मऊ पडतो आणि त्याला बुरशी धरते. वातानुकूलित व नियंत्रित खोलीची सोय नसेल तर नेऊ नये. कासवाच्या कवचाचे जडावकाम असेल तर सीमा ओलांडण्यासाठी संरक्षित प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचे परवाने लागतात, आणि ठरावीक किमतीवरच्या जुन्या वस्तूंना फ्रान्सबाहेर नेण्यासाठी वेगळे निर्यात प्रमाणपत्रही घ्यावे लागते.

बोली लावण्यापूर्वी लिलावगृहाकडून दुरुस्त्यांची माहिती असलेला लेखी स्थिती-अहवाल मागा आणि पाठ, तळ, एका खणाच्या चारही बाजू, एका मुठीची मागची बाजू व संगमरवर उचलल्यावरचा सांगाडा यांची छायाचित्रे मागा. प्रदर्शनाच्या दिवशी स्वतः जा, छोटी टॉर्च, भिंग आणि मिलिमीटरची पट्टी बरोबर ठेवा. खण काढू देण्यास किंवा फळी उचलण्यास नकार मिळाला, तर त्या कपाटावर बोली लावू नका.